मद्यालयातील मारामारी आणि कायद्याची जडणघडण

मद्यालयात होणारी मारामारी न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला वरकरणी क्षुल्लक वाटते, कारण तीत मोठी मालमत्ता पणाला लागलेली नसते, राज्यकारभाराचा प्रश्न नसतो आणि भांडणाचे कारण तर पुष्कळदा दुसऱ्या दिवशी भांडणाऱ्यांनाही आठवत नाही. तरीसुद्धा इंग्लंडमध्ये आणि इंग्लंडच्या कायद्याची परंपरा स्वीकारलेल्या देशांमध्ये हल्ला कशाला म्हणावे, हेतू कसा ओळखावा, नशेत केलेल्या कृत्याचा जाब किती द्यावा लागतो आणि जागेच्या मालकाने गिऱ्हाइकांची काळजी कुठवर घ्यावी, या प्रश्नांची कितीतरी पायाभूत उत्तरे गुत्त्यातल्या भांडणांवरून उभ्या राहिलेल्या खटल्यांनी दिली आहेत. याचे कारण अशा भांडणाच्या स्वरूपातच आहे. एकमेकांना न ओळखणारी माणसे दाटीवाटीने बसलेली असतात, दारूने त्यांचा संयम सैल झालेला असतो, पेला आणि बाटली हाताशीच असते, सोडवायला मध्ये पडणाऱ्यालाच नव्हे तर नुसत्या बघणाऱ्यालाही इजा होऊ शकते, आणि हे सारे ज्या छताखाली घडते तिथे दारू विकून नफा कमावणारा मालक हजर असतो. या खटल्यांचा क्रम लावून पाहिला म्हणजे कायद्याची नजर सहाशेहून अधिक वर्षांत मारणाऱ्या हातावरून हळूहळू त्या छताकडे कशी वळली, हे ध्यानात येते.

या क्रमातला सर्वांत जुना आणि आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा खटला तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीतला, म्हणजे १३४८ च्या सुमाराचा आहे. नोंदीत पक्षकारांची पूर्ण नावे नाहीत, केवळ आद्याक्षरे आहेत. एक माणूस रात्री दारू विकत घ्यायला गुत्त्यावर आला, दार बंद पाहून हातातल्या कुऱ्हाडीने ते ठोठावू लागला, गुत्तेवाल्याच्या बायकोने खिडकीतून डोके बाहेर काढून त्याला थांबायला सांगितले, तेव्हा त्याने तिच्या रोखाने कुऱ्हाड चालवली. मात्र घाव तिला लागला नाही. पंचांनी मांडले की इजाच झालेली नाही, तेव्हा अपराध कसला? न्यायाधीश थॉर्प यांनी हे मानले नाही. घाव बसला नसला तरी त्या स्त्रीवर हल्ला झाला आहे आणि तेवढ्यानेच तिचे नुकसान झाले आहे, असे ठरवून त्यांनी नुकसानभरपाई देवविली. शरीराला स्पर्शही न होता केवळ प्रहाराचे भय निर्माण करणे हा स्वतंत्र अपकृत्याचा, म्हणजे ज्याबद्दल दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते अशा गैरकृत्याचा, प्रकार आहे, हे तत्त्व या निकालातून रुजले. मनाच्या भयालाही मोल आहे हे मान्य करणारा इतका जुना निकाल एका गुत्त्याच्या दारात जन्मावा, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासात मोलाची मानली पाहिजे. त्याआधीची भरपाईची मोजदाद बहुतांशी तुटलेल्या अवयवांवर आणि सांडलेल्या रक्तावर होत असे.

त्याच राजाच्या काळात, १० फेब्रुवारी १३५५ रोजी, ऑक्सफर्ड गावच्या कारफॅक्स चौकातल्या स्विंडलस्टॉक नावाच्या गुत्त्यात विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांनी दारू बेचव असल्याची तक्रार केली, गुत्तेवाल्याशी बाचाबाची झाली आणि दारूचे भांडे त्याच्या डोक्यात घातले गेले. एवढ्याशा ठिणगीतून गावकरी आणि विद्यार्थी यांच्यात दोन-तीन दिवस चाललेली दंगल पेटली. परंपरेने मृत विद्यार्थ्यांची संख्या ६३ सांगितली जाते, आणि गावकरीही सुमारे ३० मेले असे मानतात. या प्रकरणाचा न्याय ज्या रीतीने झाला ती रीत लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. कोणी कोणाला मारले याचा शोध घेत बसण्यापेक्षा राजाने संपूर्ण गावालाच दोषी धरले, भाकरी आणि बिअर यांच्या विक्रीवरील देखरेखीसारखे अधिकार गावाकडून काढून विद्यापीठाला दिले, आणि नगराध्यक्षाने दरवर्षी त्या दिवशी प्रार्थनेला हजर राहून एका मृत विद्यार्थ्यामागे एक, अशा ६३ पेन्स अर्पण कराव्यात असे प्रायश्चित्त लादले गेले. हे प्रायश्चित्त १८२५ पर्यंत चालू होते, आणि उभयपक्षी औपचारिक समेट व्हायला १९५५ साल उजाडावे लागले. सामूहिक शिक्षेचा हा मार्ग आज कोणीही न्याय्य म्हणणार नाही, कारण ज्यांनी त्या दंगलीचे नावही धड ऐकले नव्हते अशा पिढ्यांनी तिची किंमत मोजली. पण मारामारीचा दोष केवळ मारणाऱ्यांपाशी थांबत नाही, ही जाणीव त्यात ओबडधोबड रूपात होती, हेही नाकारता येत नाही.

स्वसंरक्षणाच्या बाबतीत जुना कायदा किती अवघडलेला होता हे नाटककार ख्रिस्तोफर मार्लो यांच्या मृत्यूवरून कळते. ३० मे १५९३ रोजी लंडनजवळच्या डेटफर्ड येथे, दिवसभर खाणेपिणे झाल्यावर बिलाच्या हिशेबावरून झालेल्या झटापटीत त्यांच्या डोळ्याच्या वर खंजीर घुसून ते गेले. कॉरोनरच्या, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, अहवालाने हे स्वसंरक्षण ठरवले. तरी मारणाऱ्याची सुटका आपोआप झाली नाही, त्यासाठी राणीची माफी लागली आणि ती महिन्याभरात मिळाली. बचावासाठी केलेला प्रतिकार हा माफीचा विषय नसून हक्क आहे, ही कल्पना तोवर पुरती स्थिरावली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात न्यायालयांपुढे अधिक बारीक प्रश्न येऊ लागले. १८८६ च्या लॅटिमर खटल्यात एका सैनिकाचे पबमध्ये एका माणसाशी भांडण झाले, त्याने कमरेचा पट्टा काढून त्या माणसावर उगारला, पण पट्टा त्याला ओझरता लागून शेजारी उभ्या असलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यावर बसला आणि ती गंभीर जखमी झाली. तिला इजा करण्याचा आरोपीचा मुळीच हेतू नव्हता हे पंचांनीही मान्य केले. तरीही न्यायालयाने त्याला दोषी धरले, कारण एका व्यक्तीला इजा करण्याचा दुष्ट हेतू त्याच्या मनात होता आणि तो हेतू ज्या कोणाच्या अंगावर फलद्रूप झाला त्याच्याबाबतीतही तो लागू होतो. यालाच संक्रमित हेतूचे तत्त्व म्हणतात. भारतीय वाचकाने येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मनुष्यवधापुरते हेच तत्त्व १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०१ मध्ये या निकालाच्या २६ वर्षे आधीच शब्दबद्ध झाले होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम १०२ म्हणून कायम आहे.

लॅटिमर खटल्यात माणूस चुकला होता. १९९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, निकाली काढलेल्या सॅव्हेज खटल्यात इजेचे प्रमाण चुकले होते. एका स्त्रीने पबमध्ये आपल्या नवऱ्याच्या पूर्वीच्या प्रेयसीच्या अंगावर पेल्यातली बिअर फेकली. बिअर फेकायचीच होती, पण पेलाही हातातून सुटला, फुटला आणि समोरच्या स्त्रीच्या मनगटाला काच लागली. न्यायालयाने ठरवले की अंगावर बिअर फेकणे हाच मुळात बेकायदा स्पर्श आहे, आणि असे कृत्य जाणूनबुजून करणाऱ्याला त्यातून झालेल्या शारीरिक इजेबद्दलही जबाबदार धरता येते, मग ती इजा त्याला आधी दिसली असो वा नसो. या निकालात काही कठोरपणा आहे. तथापि मद्यालयातील हिंसेचा अनुभव पाहता तो समजण्यासारखा आहे, कारण तिथल्या बहुतेक गंभीर जखमा ठरवून केलेल्या नसतात, लहानशा आगळिकीतून त्या मोठ्या होतात, आणि पहिल्या आगळिकीचा धोका ती करणाऱ्यावरच टाकला नाही तर तो निरपराध माणसावर पडतो.

नशेचा प्रश्न या सर्वांहून अवघड आहे. गुन्ह्यासाठी कृत्याबरोबर मनाचा दोषही लागतो, हे फौजदारी कायद्याचे मूळ सूत्र आहे. मग ज्याचे मनच दारूने बधिर झाले आहे त्याच्या ठायी हा दोष कसा मानायचा? १९२० च्या बियर्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले की एखाद्या गुन्ह्याला विशिष्ट हेतू आवश्यक असेल आणि नशेमुळे आरोपी तो हेतू मनात आणण्यासच असमर्थ झाला असेल, तर नशेचा विचार करता येईल. या मर्यादित सवलतीची कसोटी लागली ती १९७३ मध्ये एसेक्स परगण्यातील बॅसिल्डन गावच्या एका पबमध्ये. अमली गोळ्या आणि दारू यांच्या अमलाखाली असलेल्या मायेव्स्की नावाच्या माणसाने तिथे झालेल्या मारामारीत पबचा चालक, गिऱ्हाइके आणि नंतर पोलीस यांच्यावर हल्ले केले, आणि आपल्याला काय चालले होते याचे भानच नव्हते असा बचाव घेतला. १९७६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या सात न्यायाधीशांनी एकमताने तो फेटाळला. खून किंवा गंभीर इजा करण्याच्या इराद्याने केलेला हल्ला, यांसारख्या विशिष्ट हेतू लागणाऱ्या गुन्ह्यांत नशा विचारात घेता येईल. साधा हल्ला किंवा मारहाण हे मूळ हेतूचे गुन्हे आहेत आणि त्यांत स्वतःहून केलेली नशा हा बचाव होऊ शकत नाही, अशी विभागणी या निकालाने पक्की केली.

या विभागणीवर विद्वानांनी सातत्याने टीका केली आहे, आणि तर्काच्या बाजूने पाहता ती टीका रास्त आहे, कारण कोणता गुन्हा कोणत्या वर्गात मोडतो याची निःसंदिग्ध कसोटी न्यायालयांना देता आलेली नाही, आणि पेला हातात घेताना दाखवलेला बेफिकीरपणा तासाभराने मारलेल्या ठोशाच्या वेळच्या मनःस्थितीची जागा घेतो असे मानावे लागते. निकाल देणाऱ्यांपैकी लॉर्ड सॅमन यांनी या नियमात काहीशी तर्कविसंगती असल्याचे स्वतः मान्य केले होते, आणि ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, जे त्या देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, १९८० मध्ये ओ'कॉनर खटल्यात चार विरुद्ध तीन मतांनी हा नियम नाकारला. परंतु ज्याच्या नाकाचे हाड मोडले आहे त्याच्या बाजूने हा प्रश्न पाहिला तर निराळे चित्र दिसते. शुद्धीत असताना माणूस स्वतःच्या इच्छेने पितो. दारू पिऊन आपले हात आवरत नाहीत हे त्याला, आणि त्याच्याबरोबर बसणाऱ्यांना, बहुधा ठाऊक असते. अशा वेळी जितका अधिक प्यायला तितका अधिक निर्दोष, असा नियम कोणताही समाज फार काळ सहन करणार नाही. तर्काची थोडी ओढाताण पत्करून इंग्रज न्यायाधीशांनी घेतलेली बाजू म्हणूनच अधिक न्याय्य वाटते.

भारतीय कायद्याने हाच पेच अधिक नेटकेपणाने सोडवला आहे. दंड संहितेच्या कलम ८५ प्रमाणे नकळत किंवा इच्छेविरुद्ध नशा करवली गेली असेल तरच ती पूर्ण बचाव ठरते. कलम ८६ प्रमाणे स्वतःहून नशा केलेल्या माणसाच्या ठायी, तो शुद्धीत असता तर जी जाणीव असती ती जाणीव आहे असेच धरले जाते. न्याय संहितेत ही कलमे २३ आणि २४ म्हणून आली आहेत. जाणीव गृहीत धरली जाते, पण हेतू मात्र पुराव्यावरून पाहावा लागतो, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५६ च्या बासदेव विरुद्ध पेप्सू राज्य या खटल्यात उलगडून दाखवला. लग्नाच्या मेजवानीत मद्यधुंद झालेल्या एका निवृत्त सैनिकी जमादाराने एका मुलाला जागेवरून सरकायला सांगितले, तो सरकला नाही म्हणून त्याच्यावर पिस्तूल झाडले आणि मुलगा मरण पावला. तो चालूबोलू शकत होता, कृत्यानंतर पळण्याचा प्रयत्नही त्याने केला, म्हणजे हेतू बाळगण्याची त्याची क्षमता नष्ट झालेली नव्हती, असे म्हणून न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम केली.

नशा मनाचे नेमके काय करते याविषयी क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलेली मद्यजन्य अदूरदृष्टीची उपपत्ती येथे उपयोगी पडते. तिच्यानुसार दारू माणसाच्या अंगी नवा क्रूरपणा आणत नाही; ती लक्षाचा आवाका आखडते, त्यामुळे समोरच्याचा शब्द किंवा लागलेला धक्का डोळ्यांत भरतो आणि उद्याचे परिणाम, पोलीस, घरची माणसे या दूरच्या गोष्टी दिसेनाशा होतात. कॅथरिन ग्रॅहम आणि रॉस होमेल या संशोधकांनी मद्यालयांतील आक्रमकतेवर केलेल्या अभ्यासांतून जागेचा वाटाही पुढे आला: गर्दीची कोंडी, अरेरावी करणारे बाउन्सर आणि बंद होण्याच्या वेळी एकदम बाहेर पडणारे लोंढे यांचा भांडणांशी निकटचा संबंध असतो. या संशोधनाचा कायद्याच्या दृष्टीने अर्थ असा की मारामारी हा आकाशातून पडणारा अपघात नाही. जागा चालवणाऱ्याला ती बऱ्याच अंशी आधी दिसू शकते.

दिवाणी दाव्यात चिथावणीचे काय होते, हे १९६७ मध्ये निकाली निघालेल्या लेन विरुद्ध हॉलोवे या इंग्लिश खटल्यावरून कळते. पबमधून परतलेल्या ६४ वर्षांच्या माणसाने शेजाऱ्याच्या बायकोला अपशब्द वापरले, शेजारी जाब विचारायला आल्यावर त्याच्या खांद्यावर ठोसाही मारला. उलट २३ वर्षांच्या त्या शेजाऱ्याने डोळ्यावर असा तडाखा दिला की १९ टाके पडले. खालच्या न्यायालयाने वृद्धाची आगळीक ध्यानात घेऊन केवळ ७५ पौंड दिले होते. अपील न्यायालयाने ते ३०० केले. लॉर्ड डेनिंग यांच्या विवेचनाचा गाभा असा की चिथावणीमुळे दंडात्मक भरपाई कमी होऊ शकते, पण झालेल्या इजेची भरपाई कमी होत नाही, आणि प्रतिकार चिथावणीच्या प्रमाणाबाहेर गेला की दोघांनी मिळून भांडण केले हा बचाव उरत नाही. 'बाहेर ये, दाखवतो' असे म्हणून परस्परसंमतीने केलेल्या मारामारीबद्दलही इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९८० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट केले की नियमबद्ध खेळ वगळता, शारीरिक इजा होईल अशा भांडणाला दिलेली संमती फौजदारी कायद्यात ग्राह्य नाही.

तत्त्व काहीही असो, मारणाऱ्याविरुद्ध दावा जिंकूनही बहुधा हाती काही लागत नाही, कारण मध्यरात्री पेला फेकून मारणाऱ्याकडे भरपाई देण्याजोगी पुंजी क्वचितच असते, आणि हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याला विमा कंपन्या संरक्षण देत नाहीत. म्हणून दावा मालकाकडे वळतो. अमेरिकेत या वळणाला कायद्याचा आधार फार लवकर मिळाला. दारूबंदी चळवळीच्या प्रभावाखाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अनेक राज्यांनी ड्रॅम शॉप कायदे केले. ड्रॅम हे दारूचे लहान माप, आणि ते विकणाऱ्या दुकानदाराने आधीच झिंगलेल्या माणसाला आणखी दारू दिली व त्याने कोणाला इजा केली, तर त्या दुकानदारावरही दावा करता यावा, हा या कायद्यांचा आशय. इलिनॉय राज्याचा १८७२ चा कायदा सुधारित रूपात अजून चालू आहे. कॅलिफोर्नियाने मात्र उलटा प्रवास केला: तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये विक्रेत्याची अशी जबाबदारी मान्य केली, आणि १९७८ मध्ये विधिमंडळाने ती बहुतांशी रद्द करून दोष पिणाऱ्यावरच ठेवला.

विक्रीची वाट बंद झाली तरी जागेची वाट उरते. आपल्या जागेत व्यवसायासाठी लोकांना बोलावणाऱ्याने त्यांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली पाहिजे, या तत्त्वावर कॅलिफोर्नियातच दोन महत्त्वाचे निकाल झाले. १९७७ मध्ये एका सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या बारमध्ये, एकाला जिवे मारण्याची धमकी दिली जात असताना तिथला एक गिऱ्हाईक रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या मद्यालयात धावत गेला आणि पोलिसांना फोन करा किंवा मला करू द्या, असे त्याने तिथल्या बारटेंडरला विनवले. बारटेंडरने दोन्हीला नकार दिला आणि तो माणूस गोळी लागून मेला. मृताच्या मुलाच्या वतीने आलेल्या सोल्डॅनो विरुद्ध ओ'डॅनियल्स या दाव्यात अपील न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले की परक्याला वाचवण्याचे सर्वसाधारण कर्तव्य कायद्यात नसले, तरी गिऱ्हाइकांसाठी खुल्या असलेल्या जागेतला फोन जीव वाचवू पाहणाऱ्याला वापरू न देणे हे निराळे आहे, आणि त्याबद्दल दावा चालू शकतो. माणुसकीच्या किमान अपेक्षेला कायद्याने इतक्या थेटपणे हात घातल्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि म्हणून हा निकाल अधिक वाचला जाण्याच्या योग्यतेचा आहे.

दुसरा निकाल २००५ चा, टरलॉक गावातील एका बारविषयीचा. एक जोडपे बसलेले असताना काही तरुण नवऱ्याकडे रोखून पाहू लागले, बायकोने सुरक्षारक्षकाला सांगितले, भांडण होणार असे रक्षकालाही वाटले, आणि त्याने त्या जोडप्यालाच निघून जायला सांगितले. पार्किंगमध्ये एरवी उभा असणारा रक्षक त्या वेळी जागेवर नव्हता, आणि तिथे डझनभराहून अधिक माणसांनी मिळून केलेल्या मारहाणीत नवऱ्याची कवटी फुटली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बारला जबाबदार धरताना काढलेली रेषा व्यवहाराला धरून आहे: जादा रक्षक नेमण्यासारखे खर्चाचे उपाय मालकावर लादायचे तर पूर्वीच्या तशाच घटनांचा पुरावा हवा, पण धोका डोळ्यांसमोर आल्यावर दोन गटांना दूर ठेवणे, रक्षक नेमलेल्या जागी आहे ना हे पाहणे, एवढे बिनखर्चाचे उपाय तरी केलेच पाहिजेत.

नोकराने स्वतःच मारले तर मालक कितपत बांधील, या प्रश्नावर अर्धशतकात मत कसे बदलले हे दोन खटले शेजारी ठेवल्याने दिसते. १९४९ च्या डीटन्स विरुद्ध फ्ल्यू या ऑस्ट्रेलियन खटल्यात दारू वाढणाऱ्या एका स्त्रीने गिऱ्हाइकाच्या तोंडावर बिअर भिरकावली, पेलाही लागला आणि त्याचा एक डोळा गेला. हायकोर्टाने म्हटले की तिचे काम दारू वाढण्याचे होते, शिस्त राखण्याचे नव्हते, तिने वैयक्तिक रागातून सूड घेतला, सबब हॉटेल जबाबदार नाही. उलट २००३ च्या मॅटिस विरुद्ध पोलॉक या इंग्लिश खटल्यातील बाउन्सर क्लबमधल्या भांडणात गिऱ्हाइकांपुढे माघार घ्यावी लागल्याने घरी गेला, चाकू घेऊन परतला आणि त्याने रस्त्यावर एकाला भोसकले. तो माणूस कायमचा पंगू झाला. कृत्य क्लबबाहेर आणि सूडापोटी झाले असूनही अपील न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले, कारण परवाना नसलेला आणि दांडगाई करणारा माणूस त्याने त्या दांडगाईसाठीच ठेवला होता. ज्या हिंसक वृत्तीला पगार दिला जातो तिच्या परिणामांपासून पगार देणाऱ्याला हात झटकता येऊ नयेत, हे या निकालाचे तत्त्व निःसंशय योग्य आहे.

मात्र मालकाच्या जबाबदारीला सीमाही आहे, आणि ती कार्यकारणसंबंधाची आहे, म्हणजे मालकाने कर्तव्य केले असते तर इजा टळली असती हे दाखवावे लागते. १ जानेवारी २००३ च्या पहाटे सिडनीच्या पंचबोल उपनगरातील अडील्स पॅलेस या ठिकाणी नाचाच्या जागेवर भांडण पेटले, मार खाल्लेला एक जण निघून गेला, बंदूक घेऊन परत आला आणि त्याने दोघांवर गोळ्या झाडल्या. रक्षक पुरेसे नव्हते म्हणून खालच्या न्यायालयांनी भरपाई दिली, पण २००९ मध्ये हायकोर्टाने ती रद्द केली. कर्तव्य होते हे मान्य, परंतु सूडाने पेटलेल्या बंदूकधाऱ्याला दारावरच्या आणखी रक्षकांनी अडवलेच असते, असे सिद्ध झालेले नाही. जखमी माणसांच्या पदरी यामुळे काहीच पडले नाही, ही या निकालाची वेदनादायक बाजू आहे, तरी घटनेनंतर सुचलेल्या प्रत्येक उपायाला पुरावा मानले तर कोणताही धंदा चालवणे अशक्य होईल, हेही तितकेच खरे. त्याच न्यू साउथ वेल्स राज्याने २०१४ मध्ये, एका ठोशाने तरुणांचे प्राण गेल्याच्या घटनांनंतर, नशेत मारून मृत्यू घडवणाऱ्याला किमान आठ वर्षांची कैद ठेवली आणि सिडनीच्या मध्यभागात रात्री दीडनंतर मद्यालयांत नवा प्रवेश बंद केला. ही प्रवेशबंदी पुढे २०२० आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली.

भारतात या कथेचा फौजदारी अर्धा भाग भरघोस आणि दिवाणी भाग जवळपास रिकामा आहे. बारमधल्या मारामारीनंतर गुन्हा नोंदवला जातो, सार्वजनिक शांतता बिघडवणाऱ्या भांडणाचे, म्हणजे दंग्याहून लहान अशा झुंजीचे, न्याय संहितेतील कलम १९४ लावता येते, आणि महाराष्ट्रात दारूबंदी अधिनियमाच्या कलम ८५ खाली सार्वजनिक जागी नशेत गैरवर्तन करणाऱ्यावरही कारवाई होते. मृत्यू झाल्यास बचावाची मुख्य भिस्त खुनाच्या व्याख्येतील चौथ्या अपवादावर असते: पूर्वनियोजन नसताना, अचानक उद्भवलेल्या भांडणात, रागाच्या भरात आणि गैरफायदा न घेता किंवा क्रौर्य न करता घडलेला वध खून ठरत नाही. साधी दुखापत हा तडजोडयोग्य गुन्हा असल्याने जखमी व्यक्ती तो मिटवू शकते. आणि जे गुन्हे तडजोडयोग्य नाहीत, तेही फार गंभीर नसल्यास पक्षकारांच्या समेटावरून उच्च न्यायालयांना रद्द करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यानसिंग खटल्यात सांगितले. 'आपसात मिटवून टाका' या सल्ल्याला अशा रीतीने कायद्याचा दरवाजा मिळतो. पण त्या समेटात बारमालक बहुतेक वेळा पक्षकारही नसतो. परमिट रूमचा परवाना निलंबित होण्याचे भय त्याला असते, जखमी माणसाच्या दवाखान्याच्या खर्चाचे नसते. दाव्याच्या रकमेनुसार वाढणारे न्यायालयीन शुल्क आणि निकालाला लागणारी वर्षे पाहता, हात मोडलेला वेटर किंवा काच लागलेला गिऱ्हाईक दिवाणी न्यायालयाची पायरी चढत नाही, यात नवल नाही. आणि हीच भारतीय व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

ती काही अंशी भरून काढण्याचे साधन फौजदारी न्यायालयाच्याच हाती आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३५७, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९५, यांखाली दोषीला शिक्षा देताना पीडिताला भरपाई देण्याचा आदेश करता येतो, दंड ठोठावला नसला तरीही. २०१३ च्या अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, शेतावर कुत्रा भुंकल्याच्या निमित्ताने उद्भवलेल्या अचानक भांडणात एकाच प्रहाराने झालेला मृत्यू सर्वोच्च न्यायालयाने चौथ्या अपवादाखाली आणला, आणि त्याच निकालात हेही बजावले की भरपाई द्यायची की नाही याचा विचार करणे प्रत्येक फौजदारी न्यायालयाला बंधनकारक आहे, आणि ती देण्याची वा नाकारण्याची कारणे निकालपत्रात नोंदवली पाहिजेत.